तंबोरा खाली ठेवायचा नाही: ग्वाल्हेरच्या 24 तासांच्या बैठकीची सगळी हकीकत

थॅलेसीमियाच्या मुलांसाठी देणगी गोळा करायला आम्ही सलग 24 तास गाण्याची बैठक केली, 12 जानेवारी 2025ला सकाळी 6 वाजता तंबोरा खाली ठेवला आणि मागच्या आठवड्यात शेवटच्या देणगीदाराला आयकराच्या सुटीसाठी लागणारं 10बीई सर्टिफिकेट मिळालं, म्हणजे आता काम खरं संपलं, म्हणून आज लिहायला बसले. मधल्या काळात बऱ्याच जणांनी फोन करून विचारलं की असं काही करायचं तर सुरुवात कुठून करायची, त्यांना तुकड्यातुकड्यात सांगितलंय, इथे सगळं झालं त्या क्रमाने लिहिते. आकडे आमचे आहेत, तुमच्या गावात वेगळे असतील.

मी ग्वाल्हेरला लष्कर भागात राहते, शाळेत शिकवते आणि गाणं हौसेने करते. दर गुरुवारी संध्याकाळी आमच्याकडे बैठक असते, आठ-दहा जण येतात, नऊच्या आत संपते. खालच्या मजल्यावर एक हिंदी कुटुंब आहे, त्यांच्या 7 वर्षांच्या मुलाला थॅलेसीमिया मेजर हा रक्ताचा जन्मजात आजार आहे. त्याला दर तीन आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं, आयुष्यभर. रक्त सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं, बदल्यात डोनर पण आणावा लागत नाही, मला वाटायचं झालं की मग. पण दर वेळच्या रक्ताबरोबर शरीरात लोह जातं आणि ते बाहेर पडायला रस्ताच नसतो, ते लिव्हरमध्ये आणि हृदयात साठत जातं, त्यामुळे ते काढायचं औषध वेगळं, लोह किती साठलंय ते कळायला फेरिटिनची तपासणी वेगळी आणि रक्तातल्या पांढऱ्या पेशी गाळून घ्यायचा फिल्टर वेगळा. फिल्टर नसला की पुष्कळ मुलांना रक्त चढताना थंडी वाजून ताप भरतो. जुलै 2024मध्ये एकदा त्या मुलाच्या आईबरोबर, मी त्यांना भाभी म्हणते, सोबत म्हणून गेले, त्या दिवशी फिल्टर नव्हता, शेजारच्या कॉटवरची छोटी मुलगी दोन पांघरुणांखाली थडथड उडत होती आणि तिची आई तिचे पाय दाबून धरून बसली होती. ते बघून घरी आल्यावर मला जेवण गेलं नाही.

शहरात एक छोटा ट्रस्ट या मुलांसाठी काम करतो, त्यांच्याकडे 22 मुलं आहेत. त्यांना विचारलं की सगळ्यात आधी काय हवं, तर म्हणाले फिल्टर, एकेक साधारण 800 रुपयांना पडतो. एका मुलाला वर्षात 17 वेळा रक्त, 22 मुलं, म्हणजे 374 फिल्टर, म्हणजे जवळजवळ 3 लाख रुपये. हा आकडा मी वहीत लिहून ठेवला आणि पुढचे सहा महिने तो आकडाच आमचा मालक झाला. कोणासाठी पैसे गोळा करताय त्यांना आधी हे विचाराच, एकच वस्तू आणि तिची किंमत सांगता आली की लोक लगेच समजून घेतात, नुसतं ‘मुलांच्या मदतीसाठी’ म्हटलं की पुढचा माणूस मान हलवतो आणि विसरतो.

24 तासांची कल्पना आत्याची. ती पंढरपूरकडची, ऑगस्टमध्ये आमच्याकडे आली होती. गुरुवारी बैठकीत चर्चा चाललेली की एक कार्यक्रम करू, तीन तासांचा, हॉल घेऊ, तर ती म्हणाली अगं तीन तासाला कोण पैसे देतंय, आमच्याकडे सप्ताहात वीणा सात दिवस सात रात्री खाली टेकवत नाहीत, पहारे लावतात, एकाच्या गळ्यातून काढली की दुसऱ्याच्या गळ्यात, तुम्हाला एक दिवस जड आहे का? सगळे गप्प झाले. मग आमच्या तबल्याच्या दादांनी म्हटलं की वीणा नाही तर तंबोरा, सकाळी 6 ते दुसऱ्या दिवशी सकाळी 6, तंबोरा थांबायचा नाही, आणि राग ज्या त्या प्रहराचा. माझ्या अंगावर काटा आला, कारण मी दरबारी शिकले ती दुपारी 4 वाजता, आणि मालकंस गायलाय तो संध्याकाळी सातला, कारण बैठकी नऊला संपतात आणि रात्री 10 नंतर लाऊडस्पीकर बंद. ग्वाल्हेर घराण्याच्या हद्दू खाँ-हस्सू खाँच्या गावात राहून मध्यरात्रीचा राग मध्यरात्री मी कधी गायलेच नव्हते.

पैशाचं गणितही त्यातूनच निघालं. जुन्या हिशोबाने दिवसाच्या 60 घटका, एक घटका 24 मिनिटांची. एका घटकेला 5000 रुपये, 60 घटका म्हणजे बरोबर 3 लाख. देणाऱ्याने एक घटका घ्यायची, एकट्याने किंवा पाच घरांनी मिळून हजार-हजार. तिकीट लावायचं नाही हे पहिल्याच दिवशी ठरलं, तिकीट आलं की कराचे आणि हिशोबाचे वेगळे प्रश्न येतात, आणि दारात तिकीट बघणाऱ्याला रात्री 3 वाजता कोण बसवणार.

पैसे कोणाच्या खात्यात घ्यायचे हा सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा. आमच्यातल्या एकाने उत्साहात स्वतःचा क्यूआर ग्रुपवर टाकला होता, तो तासाभरात काढायला लावला. ओळखीच्या सीएंनी स्पष्ट सांगितलं, एक रुपया सुद्धा तुमच्या खात्यात येऊ देऊ नका, क्यूआर ट्रस्टच्या नावाचा, पावती ट्रस्टची. ट्रस्टकडे 80जी, म्हणजे देणगीदाराला आयकरात सूट मिळवून देणारी नोंदणी, आहे का आणि त्याची मुदत चालू आहे का, ते सर्टिफिकेट डोळ्याने बघून घ्या, आम्ही बघितलं. देणगीदाराचा पॅन नंबर पैसे घेतानाच लिहून घ्या, मागून फोन करून मागायचा म्हणजे फार वेळ जातो. 2000 रुपयांच्या वर रोख दिली तर 80जीची सूट मिळत नाही, हे पुष्कळ काकांना माहीत नव्हतं, ते पाच हजार पाकिटात घेऊन यायचे, त्यांना समजावून यूपीआय नाहीतर चेक द्यायला लावलं. आणि ज्यांनी नवीन टॅक्स रेजीम घेतलीय त्यांना ही सूट मिळतच नाही, तेही आधीच सांगा.

माझा मावसभाऊ अमेरिकेत आहे, त्याने एकदम दहा घटका घेतो म्हणून मेसेज केला. पण तो आता तिकडचा नागरिक, ओसीआय कार्डवाला, म्हणजे कायद्याने त्याची देणगी परदेशी धरली जाते, त्यासाठी ट्रस्टकडे एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची नोंदणी आणि दिल्लीच्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेत खातं लागतं, आमच्या ट्रस्टकडे ते नाही. त्याच्या शेजारी राहणाऱ्या, अजून भारतीय पासपोर्ट असलेल्या मित्राची स्वतःच्या बचतीतली रक्कम बँकेतून चालली. भाऊ म्हणाला आईच्या खात्यातून फिरवून देऊ का, मी नाही म्हटलं. त्याला वाईट वाटलं, मलाही, 50 हजार होते ते.

सप्टेंबरमध्ये हॉल शोधायला लागलो. इथे एक गोष्ट फार कामाची कळली. आपल्याकडे उत्तरेत डिसेंबरच्या मध्यापासून संक्रांतीपर्यंत खरमास, लग्नं होत नाहीत, त्यामुळे मंगल कार्यालयं रिकामी पडलेली असतात. जो हॉल नोव्हेंबरमध्ये 60 हजार सांगत होता तोच 11-12 जानेवारीला 18 हजारात मिळाला, 10 हजार डिपॉझिट वेगळं. थंडी जबरदस्त असणार हे कबूल करूनच तारीख घेतली. फेब्रुवारीत बोर्डाच्या परीक्षा जवळ येतात, तेव्हा लाऊडस्पीकरची परवानगी मिळणं आणखी अवघड. हॉल बघायला जाताना शंभर मीटरच्या आत दवाखाना, शाळा, कोर्ट नाही ना ते बघा, तो शांतता झोन असतो. आम्हाला आवडलेला पहिला हॉल त्यामुळेच गेला.

परवानगीचं आता सविस्तर लिहिते कारण यातच जीव जास्त घाबरा झाला. मध्य प्रदेशात कोलाहल नियंत्रण अधिनियम 1985 आहे, त्याखाली लाऊडस्पीकरसाठी एसडीएमची, म्हणजे उपविभागीय दंडाधिकाऱ्यांची, परवानगी काढावी लागते. अर्ज हिंदीत, सोबत हॉलच्या मालकाचं संमतीपत्र, आयोजकांचे आधार, कार्यक्रमाची वेळ, किती स्पीकर, पोलीस ठाण्याचं अनापत्ती म्हणजे ना हरकत पत्र आणि एक शपथपत्र. 2023मध्ये युनेस्कोने ग्वाल्हेरला संगीताच्या शहरांच्या यादीत घेतलं हेही आम्ही पहिल्या परिच्छेदात लिहिलं. 26 नोव्हेंबरला अर्ज दिला, 9 डिसेंबरला परत आला. चूक आमची होती, आम्ही सरळ ‘24 घंटे ध्वनि विस्तारक यंत्र’ लिहिलेलं आणि रात्री 10 ते सकाळी 6 अशी परवानगी कोणी देऊच शकत नाही. केंद्राचे 2000 सालचे ध्वनी प्रदूषणाचे नियम आहेत, त्यात रात्री फक्त बंद सभागृहात, आतल्या आत, आणि आवाज बाहेर जाता कामा नये. तिथल्या बाबूंनीच मला खुर्चीत बसवून नियम वाचून दाखवला, मी त्यांची आभारी आहे.

त्या रात्री आमची मीटिंग झाली आणि दोन तट पडले. काहींचं म्हणणं होतं की बंद हॉलची मुभा आहे तर स्पीकर हळू ठेवून चालवू. दादा म्हणाले हळू म्हणजे किती, आणि हे रात्री 2 वाजता कोण मोजणार, एका शेजाऱ्याने फोन केला की बैठक बंद आणि मुलांच्या नावाला बट्टा. रात्री 10 ते 6 माईकच नको. यावर गाणारे घाबरले. आठ तास, माईक नाही, जानेवारी. माझी गुरू, आम्ही त्यांना बाई म्हणतो, 74 वर्षांच्या आहेत, त्या एवढंच म्हणाल्या की आमचे बुवा लोक कुठल्या माईकवर गायले, जवळ बसून ऐका. मग तसंच ठरलं. 11 डिसेंबरला नवीन अर्ज, सकाळी 6 ते रात्री 10 दोन स्पीकर, आत, त्यानंतर विनामाईक, दारं-खिडक्या बंद. तानसेन समारोहाचं शंभरावं वर्ष होतं, डिसेंबरभर सगळं शहर त्यातच होतं, मी आठवड्यातून दोनदा चक्कर मारायचे, शाळा सुटल्यावर. 3 जानेवारीला हातात कागद आला. नोटरी, झेरॉक्स, रिक्षा सगळं मिळून 1200 रुपये गेले. अर्ज कार्यक्रमाच्या दोन महिने आधी द्या, आणि पहिला अर्ज देण्याआधी कोणालातरी एकदा वाचायला द्या.

गाण्यांच्या हक्कांचा विषय निघेल असं मला वाटलंच नव्हतं. एका वकील मैत्रिणीने सांगितलं की फिल्मी गाणी लाईव्ह गायची तर आयपीआरएसचं, म्हणजे गीतकार-संगीतकारांचे हक्क सांभाळणाऱ्या संस्थेचं, लायसन्स लागतं, आणि हौशी मंडळ, फुकट प्रेक्षक अशी एक सवलत कायद्यात आहे पण तुम्ही देणगी गोळा करताय तर तिच्या भरवशावर राहू नका. पारंपरिक बंदिशी, संतांचे अभंग यांना प्रश्न नाही, पण अभंगाची चाल कोणा अलीकडच्या संगीतकाराची असेल तर तीही त्याची मिळकत, हक्क मृत्यूनंतर 60 वर्षं राहतो. आम्ही लायसन्सचा खर्च टाळला, फक्त पारंपरिक गायचं, अभंग स्वतःच्या चालीत. त्यामुळे चार जण बाहेर पडले, त्यांना जुनी सिनेमातली गाणी म्हणायची होती, त्यांचं दुःख मला समजतं, पण 3 लाखाचा हिशोब डोळ्यापुढे होता.

माणसं जमवताना आधी तबलजी धरा, मग गाणारे. 25 डिसेंबर 2023ला आमच्या किल्ल्यावर 1282 जणांनी एकत्र तबला वाजवून गिनीज रेकॉर्ड केलं होतं, म्हणून मी निश्चिंत होते. पण रात्री 2 ते 6 थंडीत बसून वाजवणारे, तेही फुकट, असे नऊ जण मिळायला दोन महिने लागले. एकाला सलग दीड तासाच्या वर देऊ नका, बोटं सुजतात. गाणारे-वाजवणारे आणि व्यवस्थेतले मिळून आम्ही 41 झालो, प्रत्येक प्रहराला एक प्रमुख, त्याने आपल्या तीन तासांचं सगळं बघायचं.

तंबोरा अखंड कसा ठेवायचा ते आता. गाण्याची पट्टी, म्हणजे सा कुठल्या सुरावर धरायचा ते, पुरुषांची वेगळी बायकांची वेगळी, पट्टी बदलताना तंबोरा थांबला की अखंड कसलं? यावर बाईंनी तोड काढली. सगळ्या पुरुषांनी काळी एक (हार्मोनियमची पहिली काळी पट्टी), सगळ्या बायकांनी काळी चार (चौथी), थोडं वरखाली होईल ते सोसायचं. काळी एकचा पंचम, म्हणजे प, तोच काळी चार. त्यामुळे पुरुषांचा तंबोरा वाजत असतानाच बायकांचा सुरू केला तरी कानाला खटकत नाही, दोन मिनिटं दोन्ही एकत्र वाजायचे आणि मग पहिला थांबायचा. ऐकणाऱ्यांना ती दोन मिनिटं इतकी आवडली की लोक मुद्दाम त्यासाठी थांबत होते. प्रत्येक पट्टीचे दोन-दोन, असे चार तंबोरे, कारण तार तुटणारच, आमची दोनदा तुटली. एकावर तार बदलेपर्यंत जोडीचा चालू राहिला.

11 तारखेला पहाटे 4 वाजता आम्ही हॉलवर. बाहेर धुकं असं की समोरचं गेट दिसत नव्हतं. 6 वाजता बाईंनी ललत सुरू केला आणि समोर अकरा माणसं होती, त्यातली सात आमच्याच घरची. मग भैरव, रामकली, नऊनंतर तोडी आणि जौनपुरी, उन्हं आली तशी माणसं वाढत गेली. दुपारी सारंग चालू असताना तर हॉल अर्धा भरला, संक्रांत जवळ म्हणून बायका तिळगूळ घेऊन येत होत्या, कोणी मुरैन्याची गजक, तिळाची मिठाई, ठेवून गेलं. स्टेजच्या बाजूला एक फळा ठेवला होता, दर 24 मिनिटांनी आमच्या शाळेतली मुलं त्यावर घटकेचा नंबर आणि ती घेणाऱ्याचं नाव खडूने लिहायची, माईकवरून नावं पुकारायची नाहीत. हे छान झालं, गाणं तुटलं नाही आणि आपलं नाव बघायला लोक घरच्यांना घेऊन आले.

स्टेजवर एकाही आजारी मुलाला आणायचं नाही, फोटो काढायचे नाहीत, हे मी ट्रस्टकडून लिहून घेतलं होतं. काही मोठ्या देणगीदारांना मुलांच्या हातून फूल हवं होतं. मला ते आजही पटत नाही, मूल आधीच सुया टोचून घेतंय, त्याने अजून कोणासमोर उभं कशाला राहायचं. त्याऐवजी संध्याकाळी मारवा सुरू व्हायच्या आधी ट्रस्टच्या डॉक्टर दहा मिनिटं बोलल्या, मागे तंबोरा चालूच. त्यांनी सांगितलं लग्नाआधी रक्ताची एचबीए2 तपासणी करा, आई-बाप दोघं कॅरियर, म्हणजे या आजाराचा दोष अंगात वाहणारे, असतील तर प्रत्येक गरोदरपणात मूल मेजर निघायची शक्यता 25 टक्के असते. त्यानंतर तीन तरुण जोडपी त्यांच्याकडे नाव लिहून गेली.

संध्याकाळी यमन, भूप, मग केदार, बिहाग. 10 वाजता साऊंडवाल्याने बटण बंद केलं, खिडक्या लावल्या, आणि एकदम सगळं लांब गेल्यासारखं वाटलं. मग लोक आपण होऊन सरकत सरकत पुढे आले, सतरंज्या ओढल्या, रजया आणल्या, गाणाऱ्यापासून हातभर अंतरावर येऊन बसले. बागेश्री झाला तेव्हा मला गायिकेचा श्वास ऐकू येत होता. मध्यरात्री मालकंस, मग दरबारी मी गायले. काय सांगू. तो कोमल गंधार मी शंभर वेळा घासलाय पण त्या रात्री तो आपल्या वेळेला लागला, मी फक्त त्याच्या मागे गेले. माझ्यापुढे तेव्हा 23 माणसं होती, मी मोजली होती.

थंडीची एक सूचना. तारा थंडीत आखडतात आणि तंबोऱ्याचा सूर चढतो, आणि धुक्याच्या ओलीने तबल्याची पुडी, म्हणजे वरचं कातडं, ढिली पडून तबल्याचा सूर उतरतो, दोन्ही उलट दिशेला, म्हणून जुळवायला एक माणूस कायमचा बसवा. हीटर वाद्यांच्या जवळ नको. आलं घातलेला चहा, गरम पाणी, ज्येष्ठमध. बाजूच्या खोलीत गाद्या टाका आणि झोपणाऱ्याला कोण उठवणार ते आधीच लिहून ठेवा.

2 वाजल्यापासून तंबोऱ्याचा पहारा माझा होता. मी पहाटे 3 पासून जागी, म्हणजे 23 तास. 2.40च्या सुमारास माझं बोट थांबलं, अर्ध्या सेकंदाने मला जाग आली, जोडीचा तंबोरा चालू होता म्हणून निभावलं, पण परत डोळा लागला. तेवढ्यात माझ्या हातावर कोणीतरी हात ठेवला. खालच्या मजल्यावरच्या भाभी. त्या कधी आल्या तेच मला माहीत नव्हतं. म्हणाल्या, दीदी, हमें दे दो, हमें रात की आदत है. त्यांचा मुलगा गोळ्या सोसत नाही, त्याला पोटाच्या कातडीखाली सुई लावून पंपाने लोह काढायचं औषध द्यावं लागतं, आठ ते दहा तास, आठवड्यातल्या पाच-सहा रात्री, सुई निघाली, नळी दबली की उठून बघायचं. त्या रात्री मुलाजवळ त्याचे बाबा बसले होते. मी त्यांचं बोट धरून दाखवलं, प सा सा सा, दाबायचं नाही, फक्त सोडायचं. पहिल्या पाच मिनिटांत लय जरा अडखळली, मग स्थिर झाली. त्या 5 वाजेपर्यंत हलल्या नाहीत. सोहनी झाली, परज झाला, मी बाजूला भिंतीला टेकून ऐकत होते आणि मला झोप आली नाही.

3.36ला सुरू होणारी 55वी घटका एका आजोबांनी मागून घेतली होती, त्यांना रोज त्या वेळेला जाग येते आणि मग उजाडेपर्यंत एकटं बसावं लागतं म्हणाले. ते टोपी-मफलर घालून स्वतः आले आणि पहिल्या रांगेत बसले. रात्रीच्या घटका आधी कोणी घेतच नव्हतं, त्यांनी घेतली ते फळ्याच्या फोटोसकट ग्रुपवर गेलं आणि मग बाकीच्या भराभर गेल्या.

5.30ला भैरवी, सगळे मिळून, बाई मधे. 6 वाजता तंबोऱ्यावर हात ठेवला. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत लगेच, थोडा वेळ सगळे तसेच बसून राहिले.

लगेच देणगीची पेटी उघडली. दोन कुलपं, दोन किल्ल्या वेगळ्या माणसांकडे, मोजायला तीन जण आणि त्यातला एक ट्रस्टचा, असं ठेवा. निनावी पैशांवर ट्रस्टला कराचा नियम असतो, म्हणून पेटीजवळ वही होती, नाव-पत्ता लिहूनच टाकायचे. पेटी आणि त्या दिवशीचा क्यूआर मिळून 84,650 रुपये. घटका 56 गेल्या होत्या. पण शब्द आणि पैसे यात फरक पडतो, 31 मार्चपर्यंत 51 घटकांचेच पैसे आले, पाच जणांना तीन-तीनदा फोन केला, मग सोडून दिलं. पुढच्या वेळी पैसे आल्यावरच फळ्यावर नाव. एकूण 3,39,650. खर्च 61,200 झाला, हॉल, साऊंड, जनरेटर, दोन दिवसांचं जेवण आणि चहा, भाड्याच्या रजया, तारा, छपाई सगळं धरून, आणि तो आम्ही 41 जणांनी 1500-1500 काढून भागवला, म्हणजे देणगीला हात लागला नाही. उरलेले 300 पेटीतल्या वहीत लिहून ट्रस्टला दिले.

फेब्रुवारीपासून लोकांचे फोन, 80जीचं सर्टिफिकेट कुठे. ट्रस्टची पावती आणि 10बीई वेगळं, हे मला पण आधी माहीत नव्हतं. ट्रस्टला वर्ष संपल्यावर 31 मेपर्यंत आयकर खात्याला 10बीडी, म्हणजे देणग्यांचा तपशील, भरायचा होता, त्यानंतरच प्रत्येकाचं 10बीई निघणार होतं, त्याआधी ते मिळणार नव्हतं. दोघांचे पॅन चुकीचे लिहिले गेले होते, एकात ओ आणि शून्याची गडबड, ते दुरुस्त करून घेतलं.

ट्रस्टने 374 फिल्टर घेतले, 2,99,200 रुपये लागले, उरलेल्यातून मुलांच्या फेरिटिनच्या तपासण्या. बिलांच्या झेरॉक्स सगळ्या देणगीदारांना पाठवल्या. भाभी आता गुरुवारी वर येतात, तंबोऱ्यावर बसतात, मुलगा खेळत असतो आणि मग तिथेच लोडावर झोपतो. 2026ला 10 जानेवारी शनिवारी येतोय, खरमासातच, हॉलवाल्यांना 2000 रुपये ॲडव्हान्स देऊन ठेवलेत आणि नऊ तबलजींपैकी सहा जण हो म्हणालेत, अजून तीन हवेत, रात्री 2 नंतरचे.